गाठ नाही, हात सोडवायचा

९ मे

ही वही माझ्या लेकीच्या, ऋतुजाच्या बारावीच्या वेळची. निम्मी कोरी राहिली होती. कोरी वही मी टाकत नाही, म्हणून आजपासून हिच्यात लिहायचं ठरवलं. घरात बोलायला माणूस नसलं की डोक्यात गुंता होतो, तो कुठेतरी उतरवलेला बरा.

समोरच्या घरी चोर शिरले त्याला पंधरवडा झाला. समोर म्हणजे नीलम्मा आणि चनबसप्पांचं बैठं घर. जुळे सोलापुरात आम्ही एकाच वर्षी राहायला आलो, तेव्हापासूनचा शेजार. दोघा म्हाताऱ्यांना चोरांनी बांधून घातलं, कपाट उचकटलं आणि पाटल्या घेऊन गेले. पाटल्यांचं कुणी नावही काढत नाही. चनबसप्पांच्या छातीत दुखायला लागलं. जिभेखाली ठेवायची गोळी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात. ते खुर्चीला बांधलेले आणि नीलम्मा पलंगाच्या पायाला. सकाळी दूधवाल्यानं दार ढकललं तेव्हा ते गेलेले होते आणि नीलम्मा त्यांच्याकडे बघत तशाच बसल्या होत्या. मी समोर झोपले होते. कूलर चालू होता, काही ऐकू आलं नाही.

त्यांच्यात माणसाला बसवून नेतात, पुरतातही बसवूनच. देह बसता राहावा म्हणून पाठीशी कापडानं बांधावा लागतो. गुरूनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, कापड हातात घेतलं तेव्हा नीलम्मा त्या दिवसात पहिल्यांदा बोलल्या. "पुन्हा बांधू नका त्यांना." शेवटी गुरूच वडिलांच्या मागे बसला आणि त्यांना दोन्ही हातांनी धरून राहिला. गाडीतून जातानाही तसाच धरून गेला.

आता गल्लीत घरोघरी जाळ्या बसवायचं चाललं आहे. बैल गेला अन् झोपा केला.

११ मे

आज समोर चनबसप्पांची बहीण आली होती, दाक्षायणी, अक्कलकोटची. मीही जाऊन बसले होते. रडणं आवरल्यावर तिनं नीलम्मांना विचारलं, "हातभर अंतरावर हुतीस की गं तू. एवढी एक गाठ सुटली न्हाय तुला?"

खोलीत बायका भरलेल्या होत्या. जन्मभर शाळेत मुलींवर चाललेली माझी जीभ नेमकी तिथे टाळ्याला चिकटली. नीलम्मा स्वतःच्या मनगटांकडे बघत राहिल्या. तिथे अजून काळेनिळे वळ आहेत.

गुरू मला दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, अव्वा, म्हणजे त्याची आई, जेवत नाही. कोर भाकरी दुधात कुस्करून दिली तर दोन घास घेते आणि ताट सारते.

१४ मे

ऋतुजा पुण्याला चल म्हणते आहे. माझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झालेत म्हणे. लेकीकडे पाहुणी म्हणून जायला मला आवडतं. कायमचं जायला नाही आवडत. हे घर माझ्या पगारातून उभं राहिलं, त्याच्या फरशा मी स्वतः निवडल्या, आणि हे गेल्यावरही मी इथे एकटीनं नीट राहिले.

ती म्हणाली, "आई, तुला कुणी बांधून घातलं तर?"

मी म्हटलं, सुटेन. मुलींच्या शाळेत मी व्यायाम आणि गाईड शिकवलं. गाठी मारायला अर्ध्या सोलापूरच्या पोरी माझ्याकडे शिकल्या. त्यावर ती म्हणाली, बांधायला शिकवलंस, सुटायला कधी शिकवलंस. बोलण्यात पोरगी माझ्यावर गेली आहे.

शेवटी पैज ठरली. गौरीला ती येईल आणि स्वतःच्या हातानं मला बांधेल. सुटले तर मी इथेच राहायचं आणि तिनं विषय पुन्हा काढायचा नाही. नाही सुटले तर गौरी उठल्या की तिच्याबरोबर पुणे.

१९ मे

मोबाईलवर एक परदेशी माणूस सापडला. बांधून घेतो आणि सुटतो, आणि सगळं घरातल्याच वस्तूंनी. टॉवेल, पट्टा, चादर, बुटाची नाडी. भाषा कळत नाही, हात कळतात.

सोनाबाईला म्हटलं, टॉवेलनं माझे हात पाठीमागे बांध. ती धुणंभांडी करते, पण हे काम तिच्या पगारात बसत नाही असं तिचं म्हणणं पडलं. "न्हाय ओ बाई. कुणी बघितलं तर मलाच पोलिसात नेतील." बरीच मनधरणी केल्यावर तिनं बांधलं आणि ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. वर तिला कुणीतरी बोलणारं भेटलं असावं. मी इकडे ओढते आहे, हिसके देते आहे, खांदा भरून आला, आणि टॉवेल जास्तच आवळत चालला. ओढलं की गाठ आवळते हे मी वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभं राहून सांगितलेलं. तरी ओढतच राहिले. नाकाला खाज सुटली होती ती वेगळीच. सोनाबाई परत आली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

मी माझ्याच घरात होते आणि दारही उघडं होतं, तरी इतकी घाबरले. नीलम्मांना काय झालं असेल याचा विचार आज पहिल्यांदा नीट केला.

२ जून

आज जमलं. टॉवेल, ओढणी आणि परकराची नाडी, तिन्हींतून.

युक्ती अशी. सुटायची तयारी बांधून घेतानाच करायची असते. मुठी घट्ट आवळायच्या आणि मनगटं सपाट न चिकटवता कडेवर धरायची. बांधणाऱ्याला वाटतं घट्ट झालं. तो गेला की मुठी सोडायच्या, मनगटं फिरवायची, आत जागा होते. अंगठा तळहातात दुमडायचा, हाताची पुंगळी करायची आणि हात हळूच मागे घ्यायचा. अंगठा निघाला की बाकीचा हात आपोआप येतो. आपण सगळे गाठीच्या मागे लागतो तिथेच चुकतं. गाठ नाही, हात सोडवायचा.

घड्याळ बघता येत नाही म्हणून कुकर लावून बसते. आज दोन शिट्ट्यांच्या आत सुटले. आरशात स्वतःला शाबासकी दिली.

१० जून

नीलम्मा आल्या. घराबाहेर पडायची त्यांची ही पहिलीच वेळ. सोनाबाईनं गल्लीभर केलं असणार, कारण त्यांनी आल्या आल्या विचारलं, "बाई, तुमी सुटायचं शिकायलाव म्हणे. मला पण दाखवा की ओ."

मला बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही शिकवा म्हटलं नव्हतं. सोनाबाईला बांधायला लावलं, कुकर लावला, आणि करून दाखवलं. नीलम्मा स्टुलावर अगदी सरळ बसून बघत होत्या. गाठ सोडवायची नसते, हात सोडवायचा असतो, हेही समजावून सांगितलं.

"किती वेळ लागला की ओ?"

मी अभिमानानं सांगितलं, दुसरी शिट्टी व्हायच्या आत.

"म्हणजे भात व्हायच्या आत," त्या म्हणाल्या.

चहा टाकत होते तेवढ्यात त्या उठून गेल्या. इतक्या दिवसांनी बाहेर पडल्या, दमल्या असतील.

१७ जून

नीलम्मा एक दिवसाआड येतात. पण विद्यार्थिनी म्हणून कच्च्या आहेत. स्वतः बांधून घ्यायला तयार नाहीत. मलाच बांधतात आणि बघत बसतात. टॉवेल नको, ओढणी नको, परकराची सुती नाडीच हवी. मी खुर्चीवर बसलेली त्यांना चालत नाही, जमिनीवर बसवतात आणि हात मागे घेतात. आणि प्रश्न तेच तेच. आज विचारलं, "आधी मूठ आवळायची ठावं नसलं तर?"

मी म्हटलं, तरीही जमतं. अवघड जातं, पण ओढलं नाही आणि डोकं शांत ठेवलं तर सुटतं माणूस.

"शांत," असं म्हणून त्यांनी नाडीची घडी घातली.

गुरू भेटला होता. म्हणाला, अव्वाचं जेवण आणखी कमी झालंय. मी त्याला धीर दिला की हातापायांना व्यायाम होतो आहे, भूक लागायला लागेल.

२९ जून

आज नवीनच कळलं. सोनाबाईनं नाडी धुवून टाकली होती आणि ती पुरती वाळली नव्हती. तशीच बांधून घेतली. गाठ दगडासारखी झाली आणि नाडी मनगटात रुतली. शेवटी सोनाबाईनं दातांनी सोडवली. सुती धागा पाणी प्यायला की फुगतो आणि आवळतो. नायलॉनच्या दोरीला फरक पडत नाही, तेही करून बघितलं.

नीलम्मा आल्यावर त्यांना हे सांगितलं. त्यांना पटेना. त्यांच्या माहेरी चादरीचे माग होते. सुताच्या लडीत गुंता झाला की पाणी शिंपडायचं, मग गाठ सुटते, असं त्या लहानपणापासून बघत आल्या. सुताला पाणी दाखवलं की गाठ ऐकते, असं त्यांचे आप्पा म्हणायचे. मी त्यांना समजावलं की मागावरच्या सुताला खळ लावलेली असते. पाण्यानं खळ मऊ पडते म्हणून ती गाठ सुटते. धुतलेल्या नाडीला कुठली आली खळ. तिला पाणी लागलं की गाठ बसलीच.

"सगळ्याच सुताला असं हुतं?"

"धुतलेल्या सगळ्या," मी म्हटलं.

त्या नाडी मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवत बसल्या. चुकीची समजूत निघाली की मोठ्या माणसालाही वाईट वाटतं. पण चूक ती चूक, शिक्षिकेनं सांगायला हवी.

३ जुलै

हे लिहायला दोन दिवस धीर झाला नाही.

परवा गुरू धावत आला. अव्वानं पाणीसुद्धा सोडलं होतं. डॉक्टरांनी घरीच सलाईन लावली. जाताना गुरूला बाहेर घेऊन म्हणाले की शरीरात आजार काही नाही, पण असंच चाललं तर पावसाळा काढणार नाहीत. मी उशाशी जाऊन बसले. गुरू स्वयंपाकघरात गेल्यावर नीलम्मा बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहिते.

"उशाशी तांब्या हुता, बाई. ह्यांच्यासाठी भरून ठेवायची मी रोज. पायानं ओढला. पाठीमागं घेतला. कसा घेतला ते मलाच ठावं न्हाय. आणि गाठीवर लवंडला. वाटलं, आता सुटेल. मग ती दगड झाली. ते बघत हुते. म्हणाले, नीला, घाई करू नको, सुटेल."

मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली, ते उत्तर त्यांना नको होतं.

"मला खरं बघायचंय. हितंच, ह्याच पलंगाला. चोरांनी बांधलं तसं मी बांधते. मूठ आवळायची न्हाय. आधी कोरडी बघू. मग तांब्या लवंडते. तुमी सुटताव का बघू."

मी हो म्हटलं. मला यातली मेख कळली असं वाटतं. त्यांच्या मनात भीती बसली आहे. शाळेत लाकडी घोड्यावरून उडी मारायला पोरी घाबरायच्या, तेव्हा मी आधी साडी खोचून स्वतः उडी मारून दाखवायची. जमतं हे डोळ्यांनी दिसलं की भीती जाते. नीलम्मांनाही दिसलं पाहिजे. त्यांना एवढंच सांगितलं की मला तयारीला थोडे दिवस द्या, आणि तोवर दोन्ही वेळा पेज घ्यायची. पेजेचं त्यांनी कबूल केलं.

१२ जुलै

माझ्या पलंगाच्या पायाशी बसून सराव करते आहे. मूठ न आवळता फार अवघड आहे. पलंगाचा पाय मध्ये येतो, मनगटं फिरत नाहीत. सोनाबाईला आता काही वाटेनासं झालं आहे. बांधते आणि शेजारी बसून शेंगा फोडते. आज तिनं विचारलं, "ह्यातनं काय मिळतंय ओ बाई तुमाला?" मी म्हटलं, एका माणसाचं जेवण.

२१ जुलै

कोरड्या नाडीतून सुटले. मूठ न आवळता, पलंगाच्या पायाला बांधलेली असताना. ओढायचं नाही, उलट हात पायाच्या लाकडाकडे दाबायचे. मग वरच्या बाजूला अंगठ्यापुरती जागा होते. भात होऊन वरण व्हायची वेळ आली, पण सुटले.

ओली नाडी मात्र दाद देत नाही.

२ ऑगस्ट

ओलीतूनही सुटले!

गाठ दगडच होते, तिला हातच लावायचा नाही. पण कातडीही ओली असते, बुळबुळीत होते. सोसायची तयारी हवी, अंगठ्याच्या मुळाशी सालपट निघालं. सोनाबाईनं हळद लावली आणि मला वेड लागलंय असं स्पष्ट सांगितलं. मी इतकी आनंदात होते की तिला जास्तीची सुट्टी देऊन टाकली.

समोर जाऊन नीलम्मांना सांगून आले, सोमवारी दुपारी येते. गौरीला ऋतुजा कशीही बांधू दे, आता मला चिंता नाही. एकाच परीक्षेत दोन्ही पेपर निघणार.

४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. जे झालं ते झालं तसं लिहिते.

दुपारी गुरू औषधं आणायला सात रस्ता चौकात गेला तेव्हा मी समोर गेले. नीलम्मांनी खोली झाडून ठेवली होती. पलंग तोच. चनबसप्पांची खुर्ची तिथेच. खुंटीवर त्यांचा सदराही अजून तसाच, खिशात गोळ्यांच्या पाकिटाची चौकोनी घडी दिसत होती. उशाशी भरलेला तांब्या.

मी पलंगाच्या पायाशी बसले. नीलम्मांनी माझे हात मागे घेतले, मूठ आवळलेली नाही ना ते बोटं उघडून बघितलं आणि नाडी बांधली. मग त्या जाऊन खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी स्वतःचे हात खुर्चीच्या पाठीमागे घेतले. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मी सुरू केलं. हात लाकडाकडे दाबले, मनगटं इवलीशी सरकली. अंगठा दुमडला, श्वास सोडला, आणि अंगठा नाडीच्या बाहेर आला. सरावापेक्षा लवकर. आता बाकीचा हात यायला वेळ लागणार नव्हता. "बघा" म्हणण्यासाठी मी मान वर केली.

नीलम्मा माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या सदऱ्याकडे बघत होत्या. ओठ हलत होते. "नीला, घाई करू नको, सुटेल." त्यांच्याच आवाजात, पण त्यांचं बोलणं नव्हतं ते.

घोड्याला घाबरलेली पोर घोड्याकडे बघते. हा चेहरा मी वेगळ्या दिवशी बघितलेला आहे. निकालाच्या दिवशी फळ्यावर आपलं नाव नसणार हे ठाऊक असलेली पोर तशी उभी राहते. मी किती मूर्ख बाई. महिनाभर मी त्यांना काय शिकवत होते? दोन शिट्ट्यांत सुटता येतं. शांत राहिलं की सुटता येतं. पाणी टाकलं नसतं तर सुटता आलं असतं. दाक्षायणीनं एकदा विचारलं, मी एक दिवसाआड घरी बोलावून तेच सांगत होते. आणि आता हात पुढे काढून दाखवला असता तर संपलं असतं.

मी हात मागेच ठेवला. मूठ वळली आणि ओढायला लागले. जसं ओढू नये असं मी सगळ्यांना सांगते तसं, जीव खाऊन. पलंग कुरकुरला. नाडी मनगटात रुतली, सालपट निघालेली जागा पुन्हा सोलली गेली.

"सुटत नाही," मी म्हटलं.

"अजून बघा."

अजून बघितलं. खिडकीतलं ऊन पलंगावरून उतरून फरशीवर आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काही खोटं नव्हतं.

"नाही सुटत गं नीलम्मा. घरी मी मूठ आवळून घेते, तिथे मध्ये पलंगाचा पाय नसतो. इथे हातच फिरत नाही. पाणी ओतूच नकोस, कोरडीच सुटत नाही ही. कुणालाच सुटली नसती."

आजवर मी त्यांना कधी अगंतुगं केलं नव्हतं. ते माझ्या आत्ता लिहिताना लक्षात येतं आहे.

त्या उठल्या, सावकाश माझ्या मागे येऊन बसल्या आणि गाठ सोडवायला लागल्या. इतकी ओढलेली गाठ, मोकळ्या हातांनी त्यांनाही सुटेना. चाचपडताना त्यांचा हात माझ्या अंगठ्याला लागला. अंगठा नाडीच्या बाहेरच होता, गडबडीत तो आत घ्यायचा राहून गेला होता. त्यांनी अंगठा मुठीत धरला आणि किती तरी वेळ धरून ठेवला. त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं मला जाणवलं. मग त्यांनी तो हलकेच दुमडला आणि नाडीच्या आत सरकवला. कात्री लागू नये म्हणून असेल. म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसलं नाही हे नशीब.

एवढ्यात गुरू आला. दारातच थिजला. नीलम्मा त्याला म्हणाल्या, "कात्री आण. बघ, बाईंना पण सुटली न्हाय."

नाडी कापल्यावर मी हात चोळत बसले. नीलम्मांनी उशाशी ठेवलेला तांब्या उचलला. मला वाटलं मला देतायत. त्यांनी तो तोंडाला लावला आणि निम्मा संपवला. गुरू बघतच राहिला. मग तांब्या मला दिला, आणि त्याला म्हणाल्या की पीठ काढ, बाई जेवून जातील.

दोन भाकऱ्या त्यांनी स्वतः थापल्या. एक खाल्ली, शेंगाचटणीशी, पूर्ण.

९ ऑगस्ट

दाक्षायणी आली होती. नीलम्मांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि शेजारी बसवलं. तिनं काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "ह्या बाई. शाळेत गाठी शिकवत हुत्या. मी बांधलं त्यांना, तितंच. त्यांना पण सुटली न्हाय." मी मनगट पुढे केलं. दाक्षायणीनं माझ्या मनगटाकडे बघितलं आणि मग नीलम्मांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन रडायला लागली. नीलम्माच तिला थोपटत होत्या.

खुंटीवरचा सदरा आता नाही. धुवून, घडी करून पेटीत ठेवला म्हणाल्या.

मी जिंकले असं वाटायला हवं. वाटतंही. पण जन्मात इतकं मोठं खोटं बोलले नव्हते, आणि ते मरेपर्यंत सांभाळायचं आहे याचं ओझं आहे. देवापुढे बसले तरी माफी मागावीशी वाटत नाही, हेही खरंच.

१२ ऑगस्ट

गुरूनं कौतुकानं सगळं ऋतुजाला फोनवर सांगितलं. तिचा लगेच मला फोन. आवाज मऊ केला होता, म्हणजे तिला जिंकल्याचा आनंद झालेला नाही.

"आई, नाही ना जमलं?"

"नाही जमलं," मी म्हटलं.

गौरीला तिच्यापुढे सुटून दाखवलं तर ती गुरूला सांगणार, गुरू अव्वाला. त्यामुळे तेही होणं नाही. हे घर सोडायचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर हात ठेवून बसले थोडा वेळ. मग माळ्यावरून मोठी बॅग काढली.

संध्याकाळी नीलम्मा आल्या. बॅग बघितली. मी म्हटलं, पैज हरले, शब्द तो शब्द. त्या स्टुलावर बसल्या, तशाच सरळ.

"लेक आल्यावर मला बोलवा," त्या म्हणाल्या. "तिला न्हाय जमायचं. मी बांधते तुमाला. पलंगाला नको. हितं, जमिनीवर, मूठ आवळून, तुमच्या पद्धतीनं. ते तर सुटतंच की."

त्यांना पुन्हा एकदा का बघायचं आहे ते मला कळेना. मूठ आवळून सुटले तर त्यांना चालेल, असं त्या स्वतःच म्हणतायत, पण माझा धीर होत नाही. विचार करून सांगते म्हटलं.

चहा पूर्ण प्यायल्या, सोबत बिस्किटंही खाल्ली. निघताना दारात माझा हात हातात घेतला आणि अंगठा दाबून बघितला, आधी मुळाशी, मग टोकाशी. सूज उतरली का ते बघत असतील.